बुधाची पीडीएफ

राजमाचीच्या ट्रेकची तारीख ठरली की ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात: लोणावळ्याहून निघायची वेळ, सोबत आणायच्या सामानाची यादी आणि ‘माचीवरला बुधा’ची पीडीएफ. तिसरी बेकायदा आहे. ‘थँक्स भावा’ सगळ्यांत जास्त तिलाच मिळतात.

गो. नी. दांडेकर मावळातलेच, तळेगाव दाभाड्यात राहिलेले. ते १९९८ साली गेले. कॉपीराइट कायद्यानुसार लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क शाबूत राहतात, म्हणजे इथे २०५८ संपेपर्यंत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११पासून सगळ्यांची झाली. बुधा अजून सगळ्यांचा झालेला नाही.

हे ग्रुपवर बोललं की ठरलेलं उत्तर येतं: पुस्तकासाठी काय पोलीस येणारेत का?

या प्रश्नात आपलं लोकमत नेमकं सापडतं. १९५७च्या कायद्यात सिनेमा आणि कादंबरीची चोरी सारखीच आहे. कलम ६३नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं. पण आता महाराष्ट्राच्या १९८१च्या स्थानबद्धता कायद्याचं लांबलचक नाव वाचा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती. आणि नंतरच्या दुरुस्तीने त्याच रांगेत बसवलेल्या ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’. सिनेमाचा चोर हातभट्टीवाल्याशेजारी बसला, खटल्याविना वर्षभर डांबता येईल असा. पुस्तकाचा चोर त्या रांगेत नाही.

तो तिथे असावा, असं मी म्हणत नाही. खटल्याविना डांबणं मला सिनेमाच्या चोरासाठीही जास्तच वाटतं. पण ज्याच्यामागे पैसा मोठा त्याचीच चोरी खरी, हा समज सरकारचा आणि आपला एकच आहे. पोलिसांनी पकडायचं तर चोरीच्या फाइली विकणाऱ्याला पकडावं. वाचणाऱ्याला अटक करून मराठी वाचन वाढणार नाही.

‘गावात पुस्तकाचं दुकानच नाही’ ही तक्रार खरी आहे. कायद्याने तिला थोडी वाट ठेवलीय: अभ्यासापुरता किंवा समीक्षेपुरता उतारा घेता येतो, आणि भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक वाचनालयाला काढता येतात. दोनशे जणांच्या ग्रुपवर अख्खी कादंबरी टाकणं यात बसत नाही.

माझ्याकडे आलेल्या फाइलीत काही पानं तिरकी आहेत, कडेला कुणाचा तरी अंगठा आलाय, पण कादंबरी पूर्ण आहे. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा, त्याची झाडं, त्याचा एकटेपणा, सगळं आहे. गाळलंय ते एकच पान: प्रकाशक, आवृत्ती आणि हक्कांचं. स्कॅन करणाऱ्याला आपण काय करतोय ते नीट कळत होतं. ‘आम्हाला कुठे माहीत होतं’ या आपल्या आवडत्या बचावाला ते नसलेलं पान पुरेसं उत्तर आहे.

ट्रेकच्या वर्गणीत प्रत्येकी पन्नास रुपये जास्त काढा, एक प्रत विकत घ्या आणि ती हातोहात फिरवा. दहा जणांनी एकच पुस्तक वाचणं पूर्ण कायदेशीर आहे. वर माचीवर रेंज नसली तरी ते उघडतं.