पाहणाऱ्यांची साक्ष

प्रवासवर्णन हा मराठी साहित्यातला सुखवस्तू प्रकार आहे. त्याच्या लेखकाला तहान लागली की पाणी मिळते, रात्र झाली की खोली मिळते, देवळाच्या पायरीवर त्याला कोणी जात विचारीत नाही. म्हणूनच त्याला डोंगर दिसतात, सूर्यास्त दिसतो, शिल्पातील लय दिसते. आमच्या समीक्षेने या लेखकाची शैली तपासली, विनोद तपासला, रसिकता तपासली. परंतु ज्याला वाटेत पाणीच मिळत नाही त्याचे प्रवासवर्णन कसे असेल, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

तो प्रश्न एका माणसाने विचारला आणि उत्तरही लिहून ठेवले. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे इंग्रजीतील लेखन १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापले. आपण ते आत्मकथन म्हणून वाचतो. माझ्या मते ते प्रवासवर्णनही आहे आणि त्या प्रकाराचा मापदंड बदलणारे आहे. त्यातील दौलताबादचा प्रसंग घ्या. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. अंगावर धूळ होती, दाराशी हौद होता, त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटवल्याची ओरड झाली आणि जमाव गोळा झाला. ओरडणारे मुसलमान होते. जातीचा रोग धर्माची वेस मानीत नाही, हे तेथे दिसले. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती आत कुठल्याही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. किल्ल्याच्या तटबंदीचे वर्णन शेकडो लेखकांनी केले असेल. त्या शिपायाची नोंद मात्र एकाच पाहुण्याने केली. किल्ल्याविषयी यातले कोणते वर्णन अधिक खरे?

याच काळात, १९३६ साली, अमेरिकेत हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने काळ्या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात काळ्या माणसाला खोली मिळते, कुठे जेवण मिळते, कुठे गाडी दुरुस्त होते, याची ती यादी होती. पत्ते वाचक स्वतः पाठवीत. एकाने सोसलेला अपमान दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, ही त्या पुस्तकाची प्रेरणा. ते जवळजवळ तीस वर्षे चालले. काळ्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांच्या पँथरपासून नाव घेतले. परंतु ही साधी यादी आपल्या नजरेतून सुटली. साहित्याच्या इतिहासात तिला स्थान नसेल, माणसाच्या इतिहासात आहे.

आता नागपूरकडे वळू. या शहराची जी वर्णने प्रवासी लिहितात, त्यांत संत्री असतात, झिरो माईलचा दगड असतो, पुढे वाघ पाहायला जायच्या वाटा असतात. दीक्षाभूमी असते, पण तासाभरात पाहून होणाऱ्या भव्य घुमटासारखी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लाखो माणसांनी आपले माणूसपण स्वतः घोषित केले, हे त्या वर्णनात दोन ओळींत उरकते. आजचा स्तूप २००१ साली पुरा झाला; म्हणजे पंचेचाळीस वर्षे लोक येत होते ते घुमट पाहायला नव्हे. सीताबर्डीवरचे श्याम हॉटेल, जेथे धर्मांतरापूर्वी बाबासाहेब उतरले, ते किती प्रवाशांना ठाऊक असते? १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद या शहरात भरली. जुलै १९४२ मध्ये येथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या स्त्रियांची परिषद झाली. ही ठिकाणे कोणत्या प्रवासवर्णनात आहेत?

वर्णनाचा दोष वस्तुसंग्रहालयापासूनच सुरू होतो. १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर 'अजब बंगला' म्हणतात. लोकांनी दिलेले हे नाव उत्तम समीक्षा आहे. साहेबाने देशाच्या वस्तू गोळा करून मांडल्या आणि ज्यांच्या वस्तू होत्या त्यांनाच त्या 'अजब' वाटल्या! एकदा मी विद्यार्थ्यांना घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो. बांबूच्या विणकामापुढे एक मुलगा थबकला. त्याच्या घरी तेच काम होते. त्याने विचारले, "सर, हे विणलं कोणी?" पाटीवर जमातीचे नाव होते, वस्तूचे होते, विणणाऱ्याचे नव्हते. राजाचे नाणे राजाच्या नावाने आणि टोपली जमातीच्या नावाने, ही वर्णव्यवस्था काचेआडही शाबूत राहते.

वास्तविक आपल्या भूमीची जुनी रीत निराळी होती. सांचीच्या स्तूपावर शेकडो दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, हस्तिदंताचे कारागीर आहेत. नागपूरपासून फार दूर नसलेल्या पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा तेथेही स्तूप निघाले, दानलेख निघाले, मुचलिंद नागाचे नावासह कोरलेले शिल्प निघाले. सामान्य माणसाने दिलेला दगड त्याच्या नावाने उभा राहत होता. कलेला आश्रय फक्त राजे देतात, हा समज या दगडांनी खोटा ठरवला आहे.

मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे जुनी इंजिने जपली आहेत, ते चांगलेच आहे. परंतु १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबांचे आयुष्य या शहरातल्या गिरण्यांत गेले. इंजिनाला संग्रहालय मिळाले, साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणते मिळाले?

चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट आहेत, टंकयंत्र आहे, रोजच्या वापरातील वस्तू आहेत. वामनराव गोडबोले यांच्या ध्यासातून ते संग्रहालय उभे राहिले. कापड मात्र श्रद्धेने टिकत नाही; त्याला शास्त्रीय जतन लागते, पैसा लागतो, आणि सतत येणारा, विचारणारा पाहुणा लागतो. उलट अंबाझरीच्या काठावरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली पाडले गेले, आणि त्या परिसरात योजला होता पर्यटनाचाच प्रकल्प! पर्यटनासाठी संस्कृतीचे घर पाडायचे, हा विनोद नव्हे. ते भवन परत मिळावे म्हणून आपल्या स्त्रिया तेथे दीर्घकाळ धरणे धरून बसल्या. त्या शहराच्या खऱ्या वाटाड्या आहेत.

येथवर दोष इतरांचा झाला. आपला काय? धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी विक्री होते, ती पाहून कोणत्याही प्रकाशकाने तोंडात बोट घालावे. इतका वाचणारा यात्रेकरू दुसरीकडे विरळाच. परंतु तो परतल्यावर लिहीत नाही. शांतिवनात गेलो तर दर्शन घेऊन निघतो. अजब बंगल्यात मुलांना नेत नाही. झाडीपट्टीतली दंडार, खडी गंमत यांना 'अडाणी' म्हणून नाक मुरडतो आणि मग ती लोपली म्हणून परिसंवाद भरवतो. पेटी-ढोलकीवर भीमगीत गाणाऱ्याला बिदागी देताना घासाघीस करतो. आपल्याच कलावंताला फुकट ऐकणे, हेही शोषणच.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रवासाची नोंद ही आपल्या साहित्याची शाखा माना. जेथे जाल तेथून चार ओळी लिहा. पाटीवर कोणाचे नाव आहे, कोणाचे गाळले आहे. मार्ग दाखवणाऱ्याने काय सांगितले, काय टाळले. तिकीट मजुराला परवडते का. बायकांसाठी सोय आहे का. आडनाव ऐकल्यावर लॉजच्या व्यवस्थापकाचा चेहरा बदलला का. चांगले वागले तर तेही लिहा, कारण चांगल्याची नोंद न करणारा तक्रारखोर ठरतो आणि त्याच्या तक्रारीचे वजन जाते. अलंकार नकोत. तारीख हवी, ठिकाण हवे, खरेपणा हवा. संग्रहालयाच्या अभिप्रायवहीत केवळ 'छान' लिहून सही करू नका; विणणाऱ्याचे नाव मागा. शंभर जणांनी मागितले तर पाटी बदलावी लागेल.

दौलताबादच्या हौदाशी शिपाई आज नसेल. तो होता हे आपल्याला किल्ल्याने सांगितले नाही. ते एका पाहुण्याने सांगितले.