झगा आणि निऱ्या

नागपुरात भरतनाट्याचा प्रयोग असला म्हणजे निवेदकाच्या तोंडून एक विधान बहुधा ऐकावयास मिळते: नर्तिकेचा हा पोशाख हजारो वर्षांचा आहे. प्रेक्षक माना डोलावितात आणि पडदा वर जातो. या भाबडेपणाचा आम्हांस राग येत नाही. परंतु त्यापायी एक मनोरंजक, आणि काहीसा आपल्याच घरचा, इतिहास झाकला जातो याचे वाईट वाटते. पंख्यासारखा उलगडणारा तो शिवलेला निऱ्यांचा पोशाख रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ च्या सुमारास सिद्ध केला, आणि त्याच्या शिवणकामी मादाम कझान नामक एका युरोपीय बाईंचे साहाय्य घेतले. त्यापूर्वी रुक्मिणीदेवी पाव्हलोव्हाच्या सहवासात येऊन बॅलेचे धडे गिरवू लागल्या होत्या. तेव्हा या पोशाखाची परीक्षा करावयाची तर आधी बॅलेचा झगा पाहिला पाहिजे.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यात मारी ताल्योनी वायुकन्या होऊन अवतरली. अंगाला घट्ट बसणारी चोळी, उघडे खांदे, आणि पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा विरविरीत पांढऱ्या कापडाच्या थरांचा घंटाकार झगा, असा तिचा वेष होता. पुढे १८४१ मध्ये ‘जिझेल’ आले. त्यातही मरून पिशाचयोनीत गेलेल्या कुमारिका त्याच शुभ्र वेषात नाचतात. या वेषाचा हेतू एकच: नर्तिकेस वजन आहे हे प्रेक्षकास विसरावयास लावणे. ती पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते, उडी घेते, आणि खाली येताना झगा मागे तरंगत राहून ती अजून हवेतच आहे असा भास करतो. अर्धे नृत्य पाय करतात, अर्धे कापड करते.

हे कापड जितके हलके तितके ज्वालाग्राही. रंगभूमीवर तेव्हा वायूचे दिवे उघडे जळत. १८४४ मध्ये लंडनमध्ये क्लारा वेबस्टर या नर्तिकेच्या झग्याने पेट घेतला आणि ती दगावली. फ्रान्समध्ये झगे रसायनात बुडवून अग्निरोधक करण्याचा हुकूम निघाला. परंतु तसे कापड ताठर व मळकट दिसे, म्हणून एमा लिव्री हिने ते नाकारले. ही ताल्योनीची लाडकी शिष्या. १८६० मध्ये गुरूने तिच्यासाठी ‘पापियों’ रचले. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने होरपळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी लिव्रीचा झगा खरोखरच दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून ती विशीतच वारली. कलेची हौतात्म्यकथा म्हणून हे सांगण्याची रीत आहे. आम्हांस ती पटत नाही. वजन नसल्याचा जो आभास प्रेक्षक पैसे मोजून विकत घेत होते, त्याची किंमत त्या मुलीने दिली.

याच काळात तंजावरास काय चालले होते? तेथे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचविली. एका निरूपणात एक कथा, ‘जयजय’पासून ‘मंगळा’पर्यंत अठरा अंगे, आणि सर्व अंगांना एकच राग व एकच ताल. त्यांच्या व पुढे शिवाजीराजांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चौघा बंधूंनी नृत्याचा जो क्रम लावून दिला, तोच आजच्या भरतनाट्याचा पाया होय. तंजावरच्या चित्रांत त्या काळच्या नर्तिका दिसतात: आखूड चोळी, चुस्त पायजमा, त्यावर नेसलेले लुगडे व पुढे सोडलेल्या निऱ्या, कमरपट्टा, वेणीवर दागिने, पायांत चाळ. हा वेष वजन लपवीत नाही, उलट ते वाढवितो. गुडघे बाहेर वळविण्याची रीत बॅलेतही आहे, पण तेथे गुडघा वाकतो तो उडी घेण्यासाठी. येथे नर्तिका अर्धी बसते आणि तेथेच राहून तळपायाने भूमीवर आघात करते. चाळांचा नाद हा त्या वजनाचाच नाद होय.

१८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या पाच देवदासी व तीन वादक पॅरिसला गेले. तेथील रसिकांना ‘बायादेर’ ठाऊक होती ती रंगभूमीवरची. १८३० साली ताल्योनीच तशा भूमिकेत नाचली होती. आता अनवाणी, सावळी, पायजमा ल्यालेली अमनी समोर उभी राहिली. पुढे ‘जिझेल’च्या कथेला हातभार लावणाऱ्या गोत्येने तिची मुक्तकंठाने स्तुती केली. पण ऑपेरागृहाच्या वेषात तिचे काही उतरले नाही. १८७७ मध्ये पेतिपाने सेंट पीटर्सबर्गला ‘ला बायादेर’ बसविले. त्यातील देवदासीची छायाही शेवटी पांढऱ्या झग्यातच नाचते!

इकडे डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे वारले आणि पुढल्याच वर्षी नागपूर खालसा झाले. वाड्यातील हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. १८५५ साली शिवाजीराजे पुत्रावाचून गेले आणि तंजावरचीही तीच गत झाली. आडनाव एक, घराणी निराळी, पण आश्रय तुटला तो एकाच न्यायाने. पॅरिसची नर्तकी तिकिटांवर जगत होती, तंजावरची दरबारावर. दरबार गेला तेव्हा तिच्या निऱ्यांची घडी सांभाळणारे कोणी उरले नाही, आणि ऐंशी वर्षांनी ती घडी शिवणयंत्राखाली गेली.

शिवलेल्या पोशाखास आमचा विरोध नाही. तो सुटत नाही, मुलींना निर्धास्त करतो, दुरून सुरेखही दिसतो. तक्रार एवढीच की पंखा आपोआप उलगडतो म्हणून गुडघे पुरते न वाकविताही वाकविल्याचा देखावा साधतो, आणि बॅलेप्रमाणे येथेही कापड नर्तिकेचे काम करू लागते. नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्या असे फसवीत नाहीत. नागपुरातील एखाद्या गुरूने तंजावरचे एक निरूपण घ्यावे, शिष्येला लुगडे नेसवून ते नाचवावे, आणि निवेदकास त्या दिवशी रजा द्यावी. सरस्वती महालाने ती निरूपणे छापून ठेविली आहेत, आणि त्यांतील मराठी समजावयास नागपूरकरास दुभाषी लागणार नाही.