केळशीची वाळू आणि 1524 ची ‘अनाथ’ त्सुनामी: एक पेपर तपासून बघू

कोकणात पूर्वी मोठी त्सुनामी आली होती का? या प्रश्नावर सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर 2021 साली ‘प्युअर अँड अप्लाइड जिओफिजिक्स’मध्ये आला. विषय, 1524 ची ‘अनाथ त्सुनामी’. अनाथ म्हणजे लाट आल्याचा माग आहे, पण तिला जन्म देणाऱ्या भूकंपाची नोंद नाही. पीएच.डी.च्या तयारीत असाल तर हा पेपर जरूर वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन.

युक्तिवादाचे पाय तीन. एक, दापोली तालुक्यातल्या केळशीला मिळालेला वाळू-शिंपल्यांचा थर, वय ढोबळमानाने पंधरावं ते सतरावं शतक. दोन, 1524 मध्ये वास्को द गामाची जहाजं दाभोळजवळच्या समुद्रात जोरात हादरली, ही पोर्तुगीज नोंद. तीन, कॉम्प्युटर मॉडेल: पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतच्या मकरान पट्ट्यात 9 च्या आसपासचा भूकंप झाला, तर केळशीपर्यंत तेवढं पाणी येऊ शकतं.

जमिनीतला थर, दप्तरातली नोंद आणि गणित एकत्र आणणं, ही या कामाची खरी ताकद आहे. माझा आक्षेप आहे तो जोडणीवर.

थराचं वय शतकांत मोजलेलं, नोंद मात्र एका घटनेची. त्यामुळे थर 1524 चा ‘असू शकतो’, एवढंच सिद्ध होतं. शिवाय मोठं चक्रीवादळसुद्धा वाळू-शिंपले आत आणून टाकतं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. अशा वादळांचे ताजे थर शेजारी ठेवून तुलना केली, तर दावा जास्त पक्का होईल.

जहाजांचा मुद्दा आणखी नाजूक. खोल समुद्रात त्सुनामी जहाजाला जवळजवळ जाणवतच नाही. लाटेची लांबी प्रचंड, उंची किरकोळ. म्हणजे जहाजं हादरली ती भूकंपाच्या धक्क्याने. मग एवढा धक्का हजार किलोमीटरहून लांब असलेल्या मकरानहून आला, की जवळून कुठून तरी?

‘अनाथ’ हा शब्द 1700 साली जपानला आलेल्या लाटेवरून घेतलाय. तिथे लाटेची तारीख जपानी दप्तरांत मिळाली. पलीकडे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जमीन खचून खाऱ्या पाण्यात मेलेली झाडं मिळाली, आणि त्यांच्या खोडांतल्या वलयांवरून तोच हिवाळा निघाला. दोन किनारे, दोन स्वतंत्र पुरावे. 1524 बाबत पलीकडची बाजू तितकी पक्की होणं बाकी आहे.

आता म्हणाल, एवढा कीस कशाला? कारण धोक्याचा इशारा यावरच उभा आहे. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानला 8.1 चा भूकंप झाला. मुंबईला सुमारे दोन मीटरची लाट आली, माणसं दगावली. पण ती पोचायला चार-पाच तास लागले होते. हैदराबादच्या इन्कॉइसमधलं त्सुनामी केंद्र 2007 पासून काम करतंय आणि भूकंपानंतर काही मिनिटांत पहिली सूचना देतं. उगम मकरान असेल, तर कोकणाला पळायला वेळ आहे. उगम जवळ असेल, तर ते तास हातात नाहीत.

शिवाय लोकांना हलवायचं कुठपर्यंत? 8.1 धरून की 9 धरून? केळशीचा उघडा किनारा वेगळा आणि मुंबई बंदराच्या आत, वळणं घेत येणारी आपली पनवेलची खाडी वेगळी. केळशीचा आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. कमी धरलं तर जीव जातील. उगाच जास्त धरलं, तर दोन-तीन फुकट धावपळींनंतर कोळीवाड्यात कोणी भोंग्याकडे लक्ष देणार नाही.

तेव्हा पेपर वाचताना वहीत तीन रकाने आखा: काय मोजलं, काय अनुमान काढलं, काय गृहीत धरलं. या पेपरमध्ये थर पहिल्यात, 1524 हे साल दुसऱ्यात आणि मकरान तिसऱ्यात जातं. तुमच्या संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिसऱ्या रकान्यातच सापडेल.