घरच्यांचे फोटो: काढलेले की काढून घेतलेले?

मराठीत चित्र 'काढतात' आणि फोटोही 'काढतात'. या क्रियापदाच्या शेजारीच 'काढून घेणे' बसलेले असते. घरच्या माणसांची व्यक्तिचित्रे टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराचा सारा पेच या दोहोंमध्ये आहे. स्टुडिओत गेलेला माणूस पैसे मोजतो, म्हणून 'हा नको, दुसरा काढा' असे सांगू शकतो. घरच्या माणसाला तेवढाही अधिकार उरत नाही. भाचा किंवा नातू कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला की नाही म्हणणे जिवावर येते.

बंगळुरूत हौशी छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. इथली यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ सालची. देशोदेशीच्या हौशी मंडळांतून आणि स्पर्धांतून व्यक्तिचित्राचा एक साचा पक्का होत गेला आहे: एका बाजूने येणारा खिडकीचा उजेड, काळी पार्श्वभूमी, कृष्णधवल छटा आणि शक्य तितक्या सुरकुत्या. जयनगरातल्या आमच्या घरी मीही हौसेने फोटो काढतो, आणि पूर्वेच्या खिडकीपाशी हा साचा सहज जमतो. आत्याला मात्र समोरून काढलेला, पदर नीट घेतलेला, चष्म्यावर चमक नसलेला रंगीत फोटो हवा असतो. 'पुढे भिंतीवर लावायला लागेल,' असे ती हसत सांगते. तिच्या मागणीत कलेची समज कमी आहे असे मी मानत नाही. आपण कोणत्या चेहऱ्याने मागे उरावे, हा तिचा प्रश्न आहे. सुरकुत्यांच्या साच्याने तो कधी विचारलेलाच नाही.

हा प्रश्न मनात ठेवून उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांचे फोटो पाहावेत. चित्रकार अमृता शेरगिलचे हे वडील संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक होते. छायाचित्रण ही त्यांची आयुष्यभराची हौस. हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत, अमृता आणि इंदिरा या मुली, बुडापेस्ट, सिमला आणि पॅरिस इथली बिऱ्हाडे, एवढ्या ऐवजावर त्यांनी एक कौटुंबिक रंगभूमीच उभी केली. मुली नटतात, आई ऐटीत बसते, आणि आपण फोटोसाठी बसलो आहोत हे कुणी लपवत नाही. सहजतेचा आव नसणे, हे या छायाचित्रांचे मोठे बळ आहे.

त्याहून महत्त्वाची आहेत त्यांची ऐंशीहून अधिक आत्मचित्रे. उघडे अंग, मोकळे लांब केस, दीर्घ उपवासानंतरचे शरीर: ज्या भिंगापुढे त्यांनी घरच्यांना बसवले, त्याच भिंगापुढे ते स्वतःही बसले. निवड बसणाऱ्यावर सोपवली तर सगळेच फोटो पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ येतील, या आक्षेपाला इथे उत्तर मिळते. स्वतःची प्रतिमा स्वतः निवडणाऱ्या या माणसाने काय काय निवडले ते पाहावे! पोझ दिल्याने फोटो दरिद्री होत नाही. ठरवण्याचा हक्क एकाच्याच हाती राहिला की होतो.

उमरावसिंगांचे नातू विवान सुंदरम यांनी याच छायाचित्रांतून 'री-टेक ऑफ अमृता' (२००१–०२) ही डिजिटल मालिका घडवली. वेगवेगळ्या काळांतली माणसे त्यांनी एका चौकटीत आणली. बाप आणि मुलगी नव्याने समोरासमोर आले. मालिका विलक्षण देखणी आहे, पण माझी एक तक्रार उरते. विवान हे इंदिरेचे चिरंजीव, तरी शीर्षकात नाव एकट्या अमृतेचे. घरातला जो चेहरा जगाला ठाऊक झाला, त्याच्याभोवती बाकीचे गोळा होतात. कुटुंबाच्या अल्बममध्ये प्रसिद्धीचा हिशेब शिरला की असे होणारच.

बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी या पेचावर वेगळा मार्ग काढला. 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' (२०००–०४) या मालिकेत छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत काम करताना त्या रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून अनेक ठरीव स्त्रीरूपांत स्वतःच उभ्या राहिल्या. कॅमेरा दुसरीच्या हाती असला तरी समोर बसलेली बाई इथे निर्मितीत बरोबरीची भागीदार आहे. ही मालिका कुटुंबाची नव्हे आणि हौसेचीही नव्हे, पण हौशी माणसाने तिच्यापासून शिकावे असे बरेच आहे.

हौसेला मोल नसते म्हणतात. घरच्यांच्या बाबतीत ते असते, आणि बहुधा समोर बसलेला माणूस ते चुकते करतो. म्हणून अशा व्यक्तिचित्राचे मोजमाप करताना उजेड आणि चौकट यांच्याआधी मी एक गोष्ट पाहतो: काढलेल्या वीस-पंचवीस फोटोंमधून हा एक ठेवायचा, हे कुणी ठरवले? त्या माणसाला एकदा तरी विचारले गेले असेल, तर तो फोटो त्याच्याकडून काढून घेतलेला नसतो.