राणी आणि मारुतराया

दोन मोटारींची तुलना बॉनेट उघडून करावी, असं जाणकार म्हणतात. मी नावापासून सुरुवात करतो. एकीचं नाव पद्मिनी, दुसरीचं मारुती. एक चितोडची राणी, दुसरा अंजनीचा पुत्र. निम्मा निकाल इथंच लागला! राणी कधी निघेल हे राणीच्या मर्जीवर. मारुतीला नुसतं सांगायचा अवकाश.

पद्मिनी मूळची इटलीची, फियाट ११०० डी. माहेरी तिला १९६६ सालीच निरोप मिळाला. सासरी, म्हणजे आमच्या कुर्ल्याला, ती १९६४ पासून चांगली तीन तपं नांदली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट म्हणजे सलग बाकडं. दोघांच्या मध्ये तिसरा, तिसऱ्याच्या मांडीवर चौथा, आणि गिअर कुणाच्याच गुडघ्याला लागत नाही! इतकी कुटुंबवत्सल गाडी पुन्हा झाली नाही. दारसुद्धा कसं, 'धप्प' असं भारदस्त लागायचं. मारुतीचं दार 'टक्' करतं. पाहुणा गेला की डबा बंद झाला, कळत नाही.

मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला दिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पद्मिनीच्या १०८९ सीसीपुढे अगदीच किरकोळ देहयष्टी. गिअर खाली, बरोब्बर नवराबायकोच्या मध्ये. (काही घरांत हे सोयीचंच झालं म्हणा.)

तरी माझं मत मारुतीला. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, त्या काळात हाती आलेली कुठलीही गाडी अप्सराच वाटणार. पद्मिनीचे गोडवे गाणाऱ्यांत तिला ढकलणारे कमी, आत बसून राहणारे जास्त. तिची खरी परीक्षा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी घेतली. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ साली रस्त्यावरून उतरली. पण याचं अर्धं श्रेय मी गॅरेजमधल्या मिस्त्र्यांना देतो. पाना, तार आणि तोंडातल्या दोन शिव्या एवढ्या भांडवलावर त्यांनी राणीला दरबारात उभी ठेवली. मारुतीवाल्याला मिस्त्रीची मुलंबाळं कितवीत आहेत हे ठाऊकच नसतं.

मारुती ८०० बनणं जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. त्या दिवशी कुणी डोळे पुसल्याचं मला आठवत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी अजून आहे. सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होते आणि मागच्या सीटवर नारळांची दोन पोती घेऊन मंडईत जाते.