तागवाल्याचं पीक आणि तापलेला गोळा

पीक सेंद्रिय आहे की नाही हे त्यातल्या नायट्रोजनवरून ओळखता येतं, असा दावा आहे. आम्ही काही रसायनवाले नव्हे. पण अनुमान तपासणं हा आमचा जुना धंदा.

नायट्रोजनचे स्थिर प्रकार दोन, १४ वजनाचा हलका आणि १५ वजनाचा जड. युरियातला नायट्रोजन हवेतून येतो, म्हणून त्यात दोघांचं प्रमाण जवळपास हवेसारखंच. शेणखतातून अमोनिया उडतो तेव्हा हलका जास्त जातो, जड मागे उरतो. तोच पुढे पिकात थोडा अधिक सापडतो. इथवर ठीक.

पण ताग, धैंचा गाडणारा शेतकरी घ्या. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणूसुद्धा नायट्रोजन हवेतूनच घेतात! म्हणजे युरियाला हात न लावता याचं पीक युरियावरचं दिसू शकतं. नैयायिकांनी हे केव्हाच सांगितलंय: धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं ठरत नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तागवाल्याचं पीक म्हणजे तो गोळा, बरं का. आणि इथे तर विस्तवाविना धूरही निघतो: भरपूर शेणखतात थोडा युरिया मिसळणारा सहज निसटतो.

तांबं, जस्त मोजलं तर? ते बरंचसं जमिनीचंच बोलतं. शिवाय बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं; मग तांबं कुणाच्या बाजूनं साक्ष देणार?

'सेंद्रिय' हे दाण्याचं नव्हे, दाणा पिकवण्याच्या रीतीचं विशेषण आहे. चाचणीनं संशय घ्यावा, मग बांधावर जाऊन खताच्या नोंदी पाहाव्यात. नुसत्या आकड्यावर तागवाल्याचं प्रमाणपत्र काढून घेणं आम्हाला अन्याय वाटतो.