सुरम्याचे समर्थन : एका युक्तिवादाची परीक्षा

प्राचीन इजिप्तमधील नेत्रांजनांविषयी फिलिप वाल्टेर, क्रिस्तियाँ आमातोर प्रभृती फ्रेंच संशोधकांचा निबंध २०१० साली ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिशाच्या क्षाराच्या अत्यल्प मात्रेने मानवी त्वचेच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते, असे त्यात दाखविले असून, त्यामुळे नेत्ररोगांपासून संरक्षण मिळत असावे, असा तर्क केला आहे. निबंध मोलाचा आहे. परंतु त्याच्या आधारे आजचा सुरमा हितकारक ठरविणे ही निराळीच गोष्ट होय.

या समर्थनात तिहेरी गल्लत आहे. पहिली द्रव्याची. लॉरिओनाइटसारखे क्लोराइडयुक्त क्षार इजिप्शियन लोक मुद्दाम तयार करीत. आजच्या पुष्कळशा सुरम्यात असते ते गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड. दुसरी मात्रेची. प्रयोगातील शिसे लेशमात्र होते. अशा सुरम्यात तोच मुख्य घटक असतो, तेथे ‘भेसळ’ हा शब्दही अपुरा पडतो. तिसरी मार्गाची. प्रयोग सुट्या पेशींवर झाला. बालक मात्र डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटावाटे रक्तात गेलेले शिसे वाढत्या मेंदूस अपाय करते, आणि मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून निश्चित झालेली नाही.

विरोधी पक्षाची मांडणीही सैल असते. दिव्याची काजळी तुपात खलून केलेले काजळ व दगड कुटून केलेला सुरमा, किंवा हळदीचे कुंकू व शिशाच्या ऑक्साइडचा शेंदूर, यांना एकाच पंक्तीस बसविणे अशास्त्रीय आहे. अर्थात काजळात शिसे नसले, म्हणून काजळी डोळ्यांस हितकर ठरत नाही.

भारतीय नियमांनी प्रसाधनांत रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई केली आहे. कोलटारजन्य रंगांत अनाहूतपणे येणाऱ्या शिशासही दशलक्ष भागांत २० भागांची मर्यादा आहे. तथापि, सुट्या पुडीतून विकल्या जाणाऱ्या मालापर्यंत नियमाचा हात सहसा पोचत नाही. रंग, वास वा मऊपणा यांवरून शिसे ओळखता येत नाही. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेले अंजन, विशेषतः बालकांच्या बाबतीत, वर्ज्य मानणेच इष्ट. पुरातनत्व हे निर्धोकतेचे प्रमाण नव्हे.